पळसाच्या पानांचा गोपाळ

मी, धोंडबा दादाजी वाढई, वय चौऱ्याहत्तर, धंदा सुतारकाम, मूळ राहणार खापा, तालुका सावनेर, हल्ली मुक्काम सक्करदरा, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. छातीत लाकडाचा भुसा बसला आहे असे डॉक्टर म्हणतात, पण तो अजून डोक्यापर्यंत चढलेला नाही. मला कोणी धमकावलेले नाही, काही पाजलेले नाही, गोड बोलून फसवलेले नाही. गोड बोलणारे माणूस या घरात आता उरलेलेही नाही.

कचेरीजवळ बसणाऱ्या एका वकिलाने मला नमुना करून दिला होता. त्यात घर, हत्यारे, पोस्टातली शिल्लक असे सगळे नीट बसवले होते. पण ज्याच्यासाठी मी हा खटाटोप करतो आहे, त्याला त्या नमुन्यात जागाच नव्हती. माझ्या घरात मधल्या खोलीत खाटेवर पळसाच्या पानांचा एक पुतळा कांबळ्याखाली निजवलेला आहे. तो माझा थोरला मुलगा आहे. माझ्यामागे त्याचे काय करायचे, ते ठरवून मला जायचे आहे. घराचे काय, ते कोणीही ठरवू शकेल.

कलम १. वारस.

मला दोन मुलगे. थोरला कॅप्टन गोपाळ, पॅराशूट पलटणीतला अधिकारी, मयत. धाकटा मनोहर, भिलाईच्या कारखान्यात नोकरीला, हयात. वकिलाने विचारले होते, "थोरले हयात की मयत?" तेव्हा मी त्याच्या टेबलाचा सांधा पाहत बसलो. सांधा वाईट होता. गोपाळला जाऊन तेरा वर्षे झाली. मयत हा शब्द मी मनात रोज म्हणतो, लिहिला मात्र आज पहिल्यांदा.

माझी पत्नी अंजनाबाई गेल्या भाद्रपदात वारली. गोपाळची बायको सुभद्रा, वय सदतीस, महापालिकेच्या शाळेत शिकवते आणि माझ्याजवळ राहते. तिला मूलबाळ नाही. लग्नाला दीड वर्ष होते न होते तोच एकाहत्तरची लढाई लागली.

कलम २. घर.

सक्करदऱ्याचे राहते घर, अंगण, विहीर आणि अंगणातला निंब हे सर्व मी सून सुभद्रा हिला देतो. त्याला कोणतीही अट नाही. ही ओळ मी पुन्हा लिहितो, कोणतीही अट नाही. पुढची कलमे वाचून कोणाला वाटेल की म्हाताऱ्याने घराचे आमिष दाखवून पोरीकडून काम काढून घेतले. तसे नाही. तिने माझे पुढचे एक अक्षर ऐकले नाही तरी घर तिचे. तिने उद्या दुसरा संसार मांडला तरी घर तिचे. आमच्यात पाट लावायची रीत जुनी आहे, त्यात कमीपणा नाही. हे मी तिला तोंडाने सांगू शकलो नाही, कारण सासऱ्याने सुनेला असे कसे सांगायचे ते मला माहीत नाही. म्हणून कागदावर सांगतो.

सुभद्रा कुंकू लावते, मंगळसूत्र घालते, वडाला सूत गुंडाळते. वर्षातून एकदा पेन्शनच्या कचेरीत जाते आणि कॅप्टन गोपाळ यांची विधवा म्हणून सही करून येते. एक दिवस विधवा आणि बाकी वर्षभर सवाष्ण, असे तिचे चालले आहे. सासूने मरताना वचन घेतले म्हणून ती ते निभावते. अंजना माझी बायको होती आणि मी तिच्याशी साठ-एक वर्षांचा संसार केला असता तरी मला तो पुरला नसता, पण हे वचन तिने घ्यायला नको होते.

पोस्टातली शिल्लक माझ्या क्रियाकर्माचा खर्च वजा जाता सुभद्रा आणि मनोहर यांनी निम्मी निम्मी घ्यावी. त्यावरून भांडण होईल इतकी ती नाही.

कलम ३. हत्यारे.

लकडगंजातल्या दुकानात माझे रंधे, करवती, पटाशा, गिरमिट, गुण्या आणि ओळंबा आहेत. हे सगळे मी माझा धाकटा भाऊ रुपराव, राहणार खापा, याला देतो. वाटणीच्या वेळी वडिलांचा लाकूड तासायचा वाकस त्याने रात्रीतून उचलून नेला आणि आजतागायत "कोणता वाकस?" असेच विचारत आला. आता बाकीची हत्यारेही त्याने न्यावीत, म्हणजे त्या वाकसाला सोबत होईल. रुपरावाच्या हाताला काम येत नाही हे सगळ्या खाप्याला ठाऊक आहे. तरी त्याने रंध्यांना तेल लावावे, त्यांचा काही दोष नाही.

कलम ४. लाकडी नंदी.

तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी बैल ओढत दारोदार फिरतात. त्यासाठी मी जन्मभर बैल केले आणि विकले. घरच्यासाठी मात्र दोनच केले. गोपाळचा मोठा, शिसवीचा, चाकांना पितळेच्या कड्या. मनोहरचा लहान, सागाचा. मनोहर दरवर्षी पोळ्याला रडायचा आणि मी दरवर्षी सांगायचो, "तो मोठा हाय, म्हणून त्याचा मोठा." मोठा बैल माझ्या पलंगाखालच्या पेटीत आहे. तो मनोहरने न्यावा. आता घरात मोठा तोच आहे.

कलम ५. फोटो.

लढाईनंतरच्या वर्षी आमच्या वॉर्डातले एक पुढारी घरी आले. चौकाला गोपाळचे नाव देतो म्हणाले, आणि वर्दीतला मोठा फोटो मागून घेऊन गेले. फोटोत त्याच्या डोक्यावर तिरकी तांबडी टोपी होती, छातीवर पंखांचा बिल्ला होता. चौकाला नाव दुसऱ्याचेच पडले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, चौक त्यांचा. पण फोटो आमचा आहे. माझ्यामागे मनोहरने त्यांच्या दारात जाऊन बसावे आणि फोटो हातात पडेपर्यंत उठू नये. चहा दिला तर पिऊ नये.

कलम ६. अंगणातली चौकट.

अंगणात निंबाच्या पलीकडे भिंत नसलेली एक सागवानी चौकट उभी आहे. येणारा जाणारा विचारतो, हे दार कुठे जाते? ते कुठेच जात नाही, पण ते विकायचे नाही आणि मोडायचे नाही, ते का हे इथे लिहितो.

गोपाळ लहानपणापासून उंचावरून उड्या मारायचा. लकडगंजात लाकडांच्या थप्प्यांवरून, खाप्याला गेला की कन्हानीच्या कड्यावरून डोहात. चीनच्या लढाईनंतर तो फौजेत अधिकारी म्हणून लागला आणि आपणहून नाव देऊन पॅराशूटवाल्यांत गेला. आग्र्याला पहिली उडी मारली त्याचे पत्र आले, तेव्हा मी दुकानात सगळ्यांना पेढे वाटले. अंजनाने मात्र त्या दिवशी चूल पेटवली नाही.

शेवटचा तो घरी आला तो एकाहत्तरच्या पोळ्याला. त्याच्या आईला एकच प्रश्न पडलेला.

"इमानातून तुले ढकलते कोण?"

"कोणी नाही ढकलत, माय. आपणच उडी मारतो."

"आपल्या मनानं कोण पडते गा?"

"मागचा माणूस पाठीवर थाप मारते. म्हणजे तुझे सगळे पट्टे मी पाहिले, सगळं ठीक हाय, आता जाय. थाप भेटली का भेव रायत नाही."

"अन् तुझ्या मागं कोण रायते?"

"मारोतराव हवालदार. मी साहेब, म्हणून पयली उडी माही. त्याची थाप भेटल्याबिगर मी दार सोडत नाही."

तिला हे काही पटेना. मग तो माझ्याकडे वळला. "बाबा, इमानाच्या दाराएवढी चौकट करून द्या. मायले दाखवतो."

एका गिऱ्हाइकाच्या वाड्याच्या दाराचे सागवान उरले होते. मी अंगणात कमरेइतका ओटा रचला, त्यावर चौकट उभी केली, पुढे वाळू टाकली. गोपाळ चौकटीत उभा राहिला. दोन्ही हात चौकटीच्या बाहेर, हनुवटी छातीला, पाय जुळलेले. मागे त्याची आई. तिने भीत भीत पाठीवर थाप मारली आणि तो वाळूत उतरला. तिने हात तोंडावर नेला आणि मग इतकी हसली की पदर सुटला. मग तो खेळच झाला. गल्लीतली पोरे रांगेने उड्या मारत, आणि प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारायला अंजनाच. मी पाहत नाही असे समजून सुभद्रानेही एकदा पदर खोचून उडी मारली. मी पाहत होतो.

सुट्टी संपली त्या सकाळी रिक्षा दाराशी आली. गोपाळ फाटकाकडे न जाता खांद्याला पिशवी लावून ओट्यावर चढला, चौकटीत उभा राहिला आणि म्हणाला, "माय, थाप." तिने थाप मारली आणि म्हणाली, "जाय गा." तो उतरला, पँटची वाळू झटकली आणि गेला. आम्हाला तो दिसला तो तेवढाच.

पुढे तार आली तेव्हा ती मला एवढेच म्हणाली, "मी म्हटलं जाय, अन् तो गेला. काहून म्हटलं मी?" मी तिला परोपरीने समजावले, की तुझी थाप खेळातली, खरी थाप तिकडे विमानात कोणी मारली असेल. तिने ऐकून घेतले, पण त्या चौकटीजवळ ती पुन्हा कधी गेली नाही. मी ती काढून टाकतो म्हणालो तेव्हा मात्र म्हणाली, "असू द्या. तो तिकूनच येईन."

कलम ७. पट्टा.

माझ्या हत्यारांच्या पेटीत तळाशी हिरव्या जाड पट्ट्याचा एक तुकडा आहे. तो रुपरावाला दिलेला नाही. तो कसा आला ते लिहितो.

पहिल्या तारेत बेपत्ता असे होते. काही महिन्यांनी पत्र आले, त्यात लिहिले होते की कॅप्टन गोपाळ यांना मृत मानण्यात येत आहे. अंजनाने ते सुभद्राकडून दोनदा वाचून घेतले आणि म्हणाली, "मानून राहिले ते. पाहिलं कोणी?"

पाहिले होते मारोतरावांनी. ते उमरेडकडचे. बहात्तरच्या उन्हाळ्यात सुट्टीवर आले तेव्हा पहिले आमच्याकडे आले, मग आपल्या घरी गेले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि सरळ सांगायला लागले. आम्ही तिघेही समोर होतो.

"साहेब पयले उतरले, मी मागून. खाली धान कापलेलं वावर होतं, कोणाले लागलं नाही. गावातले लोक धावत आले, आमच्या पेट्या उचलाले लागले. संध्याकाळी नदीपाशी गोळीबार सुरू झाला. आमच्यातला एक जण घायाळ होऊन पाण्यात पडला. साहेब त्याले काढाले उतरले. त्याले माह्याकडे ढकललं अन् तेवढ्यात इथं..." त्यांनी कानाखाली बोट ठेवले. "मी त्यायच्या खांद्याचा पट्टा धरला. धार मोठी होती, बाबा. पट्टा तुटून हातात आला अन् साहेब गेले."

त्यांनी खिशातून तो तुकडा काढून ओसरीवर ठेवला. अंजना उठली, त्यांना जेवायला वाढले, जेवण होऊ दिले, आणि मग विचारले.

"डोळे मिटलेले पाहिले काय तुमी त्याचे?"

"नाही, मायबाई. अंधार पडून रायला होता."

"मंग? पट्टा तुटला म्हणजे सुटला ना गा तो? कन्हानीच्या पुरात पोहलेलं पोरगं हाय माहं."

मारोतराव उठले आणि आपले ताट विहिरीवर धुवायला घेऊन गेले. मी मात्र त्यांच्या पहिल्या वाक्यालाच समजलो होतो. मी उठून दुकानात गेलो आणि एका फळीवर रंधा मारत राहिलो. फळी संपली तरी रंधा थांबेना. घरी रडायची सोय नव्हती, कारण घरी गोपाळ जिवंत होता. तेरा वर्षे या घरात आम्ही एका ताटात जेवलो, पण त्यातला बाप तेवढा पोरका झालेला होता, आया-बाया वाट पाहत होत्या. वाट पाहणाऱ्याच्या शेजारी बसून शोक करणे किती अवघड असते, हे ज्याने केले त्यालाच कळेल.

त्या पट्ट्याचे काय करायचे ते कलम ९ मध्ये आहे.

कलम ८. पुतळा.

बारा वर्षे माणसाचा पत्ता नसला की पळसाच्या पानांचा आणि देठांचा पुतळा करून, डोक्याच्या जागी नारळ लावून, त्याला रीतसर अग्नी द्यायचा, अशी आपल्याकडे चाल आहे. त्र्याऐंशीच्या डिसेंबरात बारा वर्षे भरली. रुपराव खाप्याहून पळसाच्या पानांचे भारे घेऊन आला. क्रियाकर्म करणाऱ्या महाराजांना बोलावले. मनोहर भिलाईहून आला, मुंडण करून बसला. लोक म्हणतात रुपरावाने माझ्यावर जबरदस्ती केली. या बाबतीत मी त्याला दोष देत नाही. माझी संमती होती. मला माझ्या मुलाला अग्नी द्यायचा होता. हे वाक्य वाचायला वाईट वाटते, पण द्यायला न मिळणे त्याहून वाईट असते.

अंगणातच पुतळा बांधला. मी सुतार, पण हात लावला नाही. लांबी पाहिली फक्त, गोपाळपेक्षा चार बोटे कमी होती. महाराजांनी मंत्र म्हणून पाणी शिंपडले आणि सांगितले, "आता याला पाने समजू नका. आता हा गोपाळ."

तेवढे अंजनाने स्वयंपाकघराच्या दारातून ऐकले. सकाळपासून ती बाहेर आली नव्हती. ती आली, खाली वाकली, आणि झोपलेले लेकरू उचलावे तसा तो पुतळा दोन्ही हातांवर उचलला. मधल्या खोलीत गोपाळच्या खाटेवर नेऊन ठेवला आणि त्याचे फौजेतले कांबळे अंगावर घातले.

रुपराव मागे धावला. "वहिनी, हे काय करून राहिल्या? अशुभ होते हे!"

"कसं अशुभ होते? तुमीच म्हणले ना, हा गोपाळ? मंग गोपाळ घरी आला."

"अवं, पण त्याले अग्नी द्याचा हाय!"

"जित्या लेकराले कोणी अग्नी देते काय? बारा वर्सांनं घरी आलं पोर. थंडी हाय. दार लोटून घ्या."

महाराज शास्त्र पाठ असलेले माणूस, पण गोपाळ त्यात आला असे त्यांनीच सांगितले होते. दक्षिणा न घेता ते निघून गेले. मनोहर मुंडण केलेल्या डोक्यावर रुमाल बांधून रात्रीच्या गाडीने परत गेला. ज्या विधीने गोपाळ कायमचा जायचा होता, त्याच विधीने तो आमच्या घरी राहायला आला.

पुढचे आठ-नऊ महिने अंजना शांत होती. हेही मला लिहिले पाहिजे. संध्याकाळी ती खाटेजवळ बसून निवडण-टिपण करायची. तिला वेड लागले असे लोक म्हणत, पण हिशोब, सणवार, पाहुणेरावळे सगळे ठीक चालले होते. फक्त त्या खोलीत जाताना ती पावले हळू टाकायची. मरताना तिने सुभद्राचा हात धरून सांगितले, "याले कोणाच्या हाती देऊ नको वं. अन् कुंकू पुसू नको." सुभद्रा हो म्हणाली.

आता सुभद्रा ती खोली झाडते. पाने वाळून तपकिरी झाली आहेत, हात लावला की चुरा पडतो, तो ती ओंजळीत भरून पुन्हा कांबळ्याखाली ठेवते. नारळाचे पाणी आटले. खाट हलली की आत खोबऱ्याचा गोटा खडखडतो, आणि तो आवाज ऐकला की मला जेवण जात नाही. सुभद्राला तो जिवंत वाटत नाही. मी ओळखतो, ती शहाणी आहे. पण तिने वचन दिले आहे, आणि ती माझ्यादेखत ते मोडणार नाही.

अंजनाच्या तेरवीला रुपराव सगळ्यांसमोर म्हणाला, "तो पालापाचोळा आता नाल्यात टाका." मनोहर गप्प बसला. मनोहर गप्प बसला की त्याचा होकार असतो, हे मी त्याच्या लहानपणापासून जाणतो. माझ्यामागे तो एखाद्या पहाटे पुतळा गोणीत भरील आणि नेऊन टाकील, आणि सुभद्रा शाळेतून येऊन रिकामी खाट पाहील. तिने नवऱ्याला एकदा न पाहता गमावले आहे. दुसऱ्यांदा तसे होऊ नये, एवढ्यासाठी हे मृत्युपत्र आहे.

कलम ९. माझी इच्छा.

पुतळ्याला सुभद्राशिवाय कोणीही हात लावू नये. रुपरावाने नाही, मनोहरने नाही, महाराजांनीही नाही. तिला तो ठेवायचा असेल तर ठेवावा, हवी तितकी वर्षे. घर तिचे आहे, खाट तिची आहे.

पण मी मेलो, की त्या दिवशी तिच्या मनाने घेतले तर तिने त्याला उचलावे आणि माझ्या तिरडीवर, माझ्या छातीवर पालथे ठेवावे. मी त्याला नेतो. मुलाने बापाला खांदा द्यायचा असतो, आमच्यात ते उलटे झाले, तर होऊ द्या. लहानपणी पोळ्याच्या गर्दीत तो माझ्या खांद्यावरच असायचा. आम्हा दोघांना एकच चिता पुरे. गंगाबाई घाटावर अग्नी मनोहरने द्यावा, तो दोघांचा समजावा. शास्त्रात हे बसत नसेल तर महाराजांनी शास्त्र थोडे सरकवून घ्यावे, मी जन्मभर वाकड्या भिंतींत सरळ चौकटी बसवल्या आहेत. असे झाले तर सुभद्राने सासूला दिलेले वचन मोडले असे होत नाही, हे मी अंजनाचा नवरा या नात्याने लिहून देतो. कोणाच्या हाती देऊ नको असे ती म्हणाली होती. बापाच्या हाती देऊ नको असे म्हणाली नव्हती.

त्या हिरव्या पट्ट्याने पुतळा माझ्या अंगाशी बांधावा. गाठ मारोतरावांनी मारावी. त्यांच्या हातातून एकदा गोपाळ सुटला, त्याचे त्यांना आजही लागून राहिले आहे. या खेपेस सुटणार नाही.

आम्हाला फाटकातून नेऊ नये. ओट्यावर चढवून त्या चौकटीतून न्यावे, आणि चौकट ओलांडण्याआधी सुभद्राने गोपाळच्या पाठीवर एक थाप मारावी. त्याला ती खूण कळते. त्यानंतर कुंकू ठेवायचे की पुसायचे, ते तिचे तिने ठरवावे. कोणी सांगू नये आणि कोणी विचारू नये.

इथपर्यंत लिहून मी काल सुभद्राला हाक मारली आणि सगळे मोठ्याने वाचून दाखवले. ती निंबाखाली गहू पाखडत होती. दुसऱ्या कलमाला तिने मान खाली घातली. सहाव्या कलमात तिच्या उडीचा उल्लेख आला तेव्हा किंचित हसली. नववे वाचत असताना सूप थांबले. मी कागद खाली ठेवला आणि ती रडू लागली. सुपातल्या गव्हावर पाणी पडत होते, तिने पदर लावला नाही. तेरा वर्षांत तिला रडताना मी पाहिले नव्हते. वाट पाहणाऱ्या बाईला रडता येत नाही. मीही रडलो आणि मला बरे वाटले, ते लपवण्यात काही अर्थ नाही.

मग सूप बाजूला ठेवून ती बोलली.

"उचलीन मी, मामाजी. मीच उचलीन."

मी मान हलवली.

"त्यायच्या पाठीवर थाप मारीन. पण तुमच्या पाठीवर कोण मारीन?"

मी म्हणालो, "माही काय वं, मी म्हातारा माणूस."

"नाही. तुमी बी त्याच दारातून जाऊन राहिले ना? मंग थाप भेटल्याबिगर कसे जासान? मारीन मी. पण तुमी त उताणे रायसान. पाठ खाली, बांबूवर. माहा हात कसा जाईन?"

पन्नास वर्षे दारे-खिडक्या मापून केल्या, आणि हे माझ्या ध्यानात आले नव्हते. म्हणून पुढचे कलम वाढवतो.

कलम १०. तिरडी.

तिरडी बांधणाऱ्यांनी माझ्या पाठीखालचे बांबू एकमेकांना लावून बांधू नयेत. मध्ये, दोन्ही खांद्यांच्या बरोबर खाली, सुभद्राचा हात जाईल एवढी जागा सोडावी.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचले आणि त्यांच्यासमोर सही केली.

धोंडबा दादाजी वाढई

साक्षीदार:

१. मारोतराव नागोजी भोयर, निवृत्त सुभेदार, राहणार उमरेड. पट्टा ताब्यात घेतला. गाठ मारण्याचे कबूल.

२. सिंधूताई काशीराव ठवकर, शेजारी, राहणार सक्करदरा. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. सही करताना त्यांचा हात स्थिर होता.

ठिकाण: सक्करदरा, नागपूर
तारीख: ५ फेब्रुवारी १९८५